हाताला लागलं ते

पिंपळे गुरव,
४ जुलै १९७६

प्रिय नजमास,

इंद्राचा नमस्कार. उत्तराला उशीर झाला. लिहायला बसले की छबू पेन ओढते आणि कुसुम विचारते, नजमामावशीला माझं नाव लिहिलंस का. घे, लिहिलं एकदाचं.

बातमी अशी की मला पुन्हा दिवस गेलेत. आता सातवा लागेल. आधी कळवलं नाही म्हणून रुसू नकोस. पोट दिसेपर्यंत गावभर करायचं नाही अशी सासूबाईंची ताकीद होती, आणि कुरुळीला कळवलं की गावभर झालंच. दोन मुलींवर आता त्यांना मुलगा हवाय. नवस बोलून झालाय. मला काय हवंय ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही मुलगाच म्हटलं असतं, म्हणजे एकदाचं सुटले असते.

पण या खेपेला पोट काही वेगळंच आहे. कंबर धरते, पाय सुजतात. दवाखान्यात दाखवू या का, असं मी एकदा जेवताना म्हटलं, तर चोरी पकडल्यासारखे सगळे ताटात बघू लागले. हल्ली इकडे एकच विषय आहे. यांच्या कंपनीच्या गेटवर रोज कुणीतरी सांगतं, अमक्याला नसबंदीला धरून नेलं, तमक्याच्या बायकोला बाळंतपणाला नेली ती आपरेशन करूनच परत पाठवली. खरं किती, खोटं किती, देव जाणे. सासूबाईंनी मात्र ठरवलंय की सरकारी दवाखान्याची पायरी चढायची नाही. एकदा कूस बंद केली की परत उघडत नाही, म्हणतात. हेही मान डोलावतात. सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस कशालाही मान डोलावतो.

आई असती तर सरळ माहेरी आले असते. दादांच्या घरात बाईमाणूस नाही, तिथे येऊन मीच चूल फुंकायची. म्हणून तुला लिहिते. मला जन्म आईनं दिला, पण ओढून बाहेर काढलं ते तुझ्या अम्मीनं, रहमतमावशीनं. ती तुझ्या भावाकडे, मन्सूरकडे कासारवाडीला येत असते ना? तिथून आमचं घर नदी ओलांडली की आलंच. तिनं येऊन मला जरा चोळलं तर माझी पाठ तिला दुवा देईल. सासूबाई तयार आहेत.

तुझी,
इंद्रा


कुरुळी,
११ जुलै १९७६

प्रिय इंद्रास,

नजमाचा सलाम. तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. तिनं आधी मला रागावून घेतलं, एवढी बातमी उशिरा का आली म्हणून. जणू पोट माझंच.

ती दर गुरुवारी येईल. तिळाचं तेल आणून ठेव, आणि ते कोमट कर, कढव नकोस. पाठीवर, मांड्यांवर नीट जोर लावते ती, पण पोटावर फक्त हात फिरवते. पोट म्हणजे कणीक नव्हे, असं तिचं बोलणं. मूल हलू लागलं की त्याला आपल्या वाटेनं जाऊ द्यायचं, वाट दाखवायची, ढकलायचं नाही.

अम्मीची एक रीत तुला सांगून ठेवते. हाताला काय लागलं ते ती पोटुशीला कधी सांगत नाही. घरातल्या मोठ्या बाईला सांगते, तेही दाराबाहेर. तुला आठवत नसेल, आपण लहान होतो. वेशीजवळच्या एका बाईचं मूल पोटात गप्प झालं होतं. अम्मीनं तिच्या तोंडावर सांगितलं, आणि ती तशीच उठून विहिरीवर गेली ती परत आली नाही. तेव्हापासून अम्मीनं शपथ घेतलीय. म्हणून खोदून विचारत बसू नकोस. ती तुला फक्त 'बरं हाय' एवढंच म्हणेल.

माझं बरं आहे. बालवाडीत पोरं खूप झालीत. बरकतचं मुंबईहून काही नाही. चार वर्षांत नवऱ्याचं पत्र नाही आलं ते आता काय येणार. इथे मला कुणी बोलत नाही, पण बारशाला बोलवायचं मात्र विसरतात. तू विसरू नकोस.

तुझी,
नजमा


पिंपळे गुरव,
८ ऑगस्ट १९७६

प्रिय नजमास,

तुझी अम्मी म्हणजे काय चीज आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं. लहानपणी तिच्या हातचा मार खाल्ला होता, आता त्याच हातांनी झोप लागते. ती पाठीला अंगठा लावते आणि दुखणं नेमकं तिथेच असतं. चोळताना आपल्या कुरुळीच्या गोष्टी सांगते, कुणाची गाय व्याली, कुणाची जमीन कंपनीत गेली. मी डोळे मिटून पडते आणि मला वाटतं मी माहेरी आहे. दोन्ही मुली दारात बसून बघत असतात. परवा छबूनं आपल्या बाहुलीचं पोट चोळलं.

एका गोष्टीची मात्र लाज वाटते आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सासूबाईंनी मावशीसाठी वेगळा कप ठेवलाय. कान तुटलेला. मोरीच्या खिडकीत तो पालथा असतो. मावशी आपणच तो घेते, चहा पिते, विसळून पालथा घालते. मी पहिल्या दिवशी म्हटलं, घरातला कप देऊ या. सासूबाई म्हणाल्या, 'तिला चालतंय, तुला का न्हाई चालत?' मी चहा त्यातच ओतला. ज्या हातांनी मला जगात आणलं त्यांना मी तुटका कप देते, नजमा. तू अम्मीला हे विचारू नकोस, तिला वाईट वाटेल.

मूल फार वळवळतं. मुलींच्या वेळी लाथ बरगडीखाली बसायची. आता दोन्ही कुशींना काहीतरी टोचतं आणि मधे पोट रिकामं वाटतं. मावशीला विचारलं. म्हणाली, बरं हाय.

तुझी,
इंद्रा


पिंपळे गुरव,
२८ ऑगस्ट १९७६

प्रिय नजमास,

काय झालंय ते मला कळत नाही, म्हणून घाईनं लिहिते.

मागच्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी मावशी आली. पाठ चोळली. पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवून राहिली. एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला. मग पदरानं माझ्या पोटावरचं तेल पुसून काढलं. तिनं असं आधी कधी केलं नव्हतं, तेल नेहमी तसंच मुरू देते. चहा घेतला नाही. मागच्या दारात सासूबाईंशी काहीतरी बोलली आणि माझ्याकडे न बघता गेली. परवाच्या गुरुवारी मी तेल कोमट करून वाट बघत बसले. ती आली नाही.

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, 'कपावरनं रुसली. आता तिला घरातला कप पायजे. न्हाईतर येत न्हाई म्हनली.'

नजमा, तिचं रुसणं मला शंभर वेळा मान्य आहे. चूक आमचीच. तिला सांग, इंद्रानं पाय धरले म्हणून. मी नवा कप आणीन, सासूबाईंच्या देखत तिच्या हातात देईन, मग घरात काय व्हायचं ते होवो. फक्त तिला यायला सांग. आता नववा लागतोय आणि मला भीती वाटते. आधीच्या दोन्ही वेळी इतकी वाटली नव्हती.

तुझी,
इंद्रा


कुरुळी,
१ सप्टेंबर १९७६

प्रिय इंद्रास,

तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. कपाचं तिच्या मनातही नाही. अशा कपांतून चहा पिता पिता तिचे केस पांढरे झाले. तू मनाला लावून घेऊ नकोस.

रोजे सुरू झालेत. उपाशीपोटी बसचा प्रवास तिला झेपत नाही, आणि उजवा हातही दुखतोय. म्हणून येणं होत नाही, एवढंच. तू जड काही उचलू नकोस, पाण्याच्या खेपा जावेला घालू दे. आणि एकदा डॉक्टरला पोट दाखवून घ्यायचं मनावर घे. हल्ली सगळ्याच दाखवतात.

अम्मी तुझ्या सासूबाईंशी, पुतळाबाईंशी, सगळं बोलली आहे. त्या घरातल्या मोठ्या आहेत, चार पावसाळे जास्त पाहिलेत त्यांनी. त्या म्हणतील तसं वाग.

तुझी,
नजमा


पिंपळे गुरव,
७ सप्टेंबर १९७६

नजमा,

तुला खोटं लिहिता येत नाही. शाळेतही येत नव्हतं.

मावशी यायची थांबली त्या गुरुवारी रोजे सुरूच झाले नव्हते. चंद्र नंतर दिसला, आमच्या शेजारच्या गौहरभाभीनं मला सांगितलं. आणि तिचा हात दुखतोय म्हणतेस, तर मन्सूरच्या शेजारणीची बाळंतीण ती परवा चोळून गेली, तेही गौहरभाभीनंच सांगितलं. म्हणजे हात फक्त माझ्या पोटापुरता दुखतो. रुसली तर रुसली म्हण ना. मी पाय धरायला तयार होते. तू मला बालवाडीतल्या पोरासारखी समजूत घालतेस.

सासूबाई म्हणतील तसं वाग म्हणतेस. बरं, वागते. त्या म्हणतात मावशीवाचून काही अडत नाही, दुसरी चांगली बाई बघते. तुम्हा मायलेकींना माझी काळजी नाही हे कळलं. मावशीचं मी समजू शकते, तिचा अपमान झाला. तुझं काय? पण तुला तरी काय म्हणून कळावं. पोटात जीव घेऊन बसल्यावर कसं वाटतं ते ज्याच्या पोटात कधी काही राहिलंच नाही त्याला कळत नाही.

इंद्रायणी


कुरुळी,
२१ सप्टेंबर १९७६

इंद्रा,

हे पत्र मिळताच पूर्ण वाच. आणि तुझ्या रंगरावांना वाचायला दे, पुतळाबाईंना नको.

तुझं पत्र येऊन दहा-बारा दिवस झाले. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी ते ट्रंकेत तळाशी टाकलं. अम्मीला दाखवलं नाही. तिला वाचून दाखवायचं म्हणजे ते वाक्यही वाचावं लागलं असतं, आणि तिच्यासमोर माझ्या तोंडून ते निघालं नसतं. मी तुझ्यावर रागावले होते. मनात म्हटलं, बसू दे हिला वाट बघत. आज अम्मीनंच विचारलं, इंद्रीला दवाखान्यात नेली का गं, काही कळवलंय का. तेव्हा ट्रंक उघडली. दुसरी बाई बघणार हे ऐकलं आणि तिनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं.

आता खरं ऐक. तुझं मूल आडवं आहे. डोकं एका कुशीला, पाय दुसऱ्या. त्या गुरुवारी अम्मीच्या हाताला ते लागलं. तिनं आजवर अशी पुष्कळ मुलं हलक्या हातानं वळवलीत, पण तुझं पोट हात लावला की दगडासारखं घट्ट होत होतं. ती म्हणते, अशा पोटाला जोर लावला तर आत फाटतं. म्हणून तेल पुसलं. मागच्या दारात तिनं पुतळाबाईंना बजावून सांगितलं होतं, 'ह्या पोटाला आता कुनाचाबी हात लावू दिऊ नका. मोठ्या दवाखान्यात न्या, कळा यायच्या आत न्या.' पुतळाबाई हो म्हणाल्या. त्या नेतील या भरवशावर आम्ही गप्प राहिलो. तुला सांगायचं नाही ही अम्मीची शपथ, आणि मी ती तिच्याहून जास्त पाळली.

त्या म्हणतील तसं वाग, असं मी लिहिलं होतं ते पुसून टाक. कुणालाही पोट चोळू देऊ नकोस. दवाखान्यात जा. आपरेशन करतील तर करू देत, तू आणि मूल तर राहाल. अम्मी स्वतः यायला निघाली होती, पण तिला ताप आहे, उभं राहवत नाही. उद्याच्या टपालानं हे निघेल. लवकर पोचू दे.

नजमा


पिंपळे गुरव,
२५ सप्टेंबर १९७६

ती. रहमतमावशी यांस,

रंगरावचा नमस्कार. नजमाताईंनी हे आपल्याला वाचून दाखवावं.

आपलं पत्र आलं तेव्हा आम्ही घरी नव्हतो, दवाखान्यात होतो. परवा मी घरी आलो तेव्हा दारात पडलेलं मिळालं. मी वाचलं. आईलाही वाचून दाखवलं, नको म्हणून लिहिलं होतं तरी.

सोमवारी आईनं सांगवीची सुईण भिमाबाई आणली. मी फर्स्ट शिफ्टला गेलो होतो. मूल आडवं आहे ते सरळ करायचं, असं आईनं तिला सांगितलं होतं म्हणे. म्हणजे आईला ठाऊक होतं. भिमाबाईनं दोन बायकांना इंद्राचे हात धरायला लावले आणि पोटावर जोर केला. कुसुम सांगते, आई आधी ओरडली आणि मग ओरडायची थांबली. मी घरी आलो तेव्हा गोधडी भिजली होती. भिमाबाई निघून गेली होती.

रिक्षावाला रक्त बघून तयार होईना. मी पळत नदी ओलांडून कासारवाडीला गेलो. मन्सूर टेम्पोखाली झोपून काम करत होता. रोजा होता त्याचा. तसाच उठला, हातही पुसले नाहीत. वाटेत त्यानं एकदाही ब्रेक लावला असेल असं मला वाटत नाही.

मुलगा होता. बाहेर काढला तेव्हा गेलेला होता. इंद्राची पिशवी फाटली होती, ती काढून टाकावी लागली. तीन माणसांचं रक्त दिलं. एक बाटली मन्सूरची. डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात उभं करून विचारलं, पोट कुणी चोळलं? मी आईकडे बघितलं. तेव्हा मन्सूर म्हणाला, 'अम्मीनं तर दवाखान्यात न्यायला सांगितलं हुतं. तुमाला कुनी बोललं न्हाई का?' आई तिथेच भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर बघितलं नाही. मला तिथेच सगळं कळलं, पत्र नंतर मिळालं.

मावशी, दोष एकट्या आईचा नाही. गेटवरच्या गप्पा घरी मीच आणत होतो. आपरेशन करतात, आपरेशन करतात म्हणून मीच भिववलं. आता कूस बंद झालीच, आणि तीही अशी.

इंद्रा जगेल म्हणतात. कुणाशी बोलत नाही. दूध आलंय आणि छाती दगड झालीय, हात लावू देत नाही. आपल्याला बरं वाटल्यावर येता आलं तर बघा. मला मागायला तोंड नाही. ईद तोंडावर आलीय हेही माहीत आहे.

आपला,
रंगराव


कुरुळी,
२ नोव्हेंबर १९७६

इंद्रा,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना तुझं उत्तर नाही. अम्मी तुझ्याकडून येते तेव्हा मी विचारते, इंद्रा काही म्हणाली का. ती म्हणते, चोळून घेतलं. तुझी छाती बांधून आली त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. मी दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले, तेही तिनं सांगितलं असेल.

तू मला बोललीस ते खरं होतं, म्हणून मला लागलं. पण मी गप्प राहिले ते त्याहून वाईट होतं. दोन्ही तुला माहीत आहेत. आता तू काहीही लिही. शिवी लिही.

नजमा


पिंपळे गुरव,
१६ जानेवारी १९७७

नजमा,

शिवी लिहायला बसले होते. बऱ्याच दिवसांत पेन धरलं नव्हतं, म्हणून आधी कुसुमची पाटी घेऊन तिला अक्षरं काढून दिली. मग राग तसाच राहिला पण शिवी आठवेना.

मावशीला मी विचारलं. तिनं छाती बांधायला कापड फाडलं तेव्हाच विचारलं, तुला कळलं होतं ना. म्हणाली, 'कळलं हुतं. तुजं पोट, आन् म्या दुसरीला सांगितलं.' तिनं बांधलं, घट्ट बांधलं. तिच्या हाताला काही विसरता येत नाही, माझ्याही अंगाला येत नाही. पण दर गुरुवारी ती आली आणि मी तिच्या हातात पाठ दिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सासूबाई मला आता काही सांगत नाहीत. मी उठायच्या आत पाणी भरून ठेवतात. एकदाच बोलल्या, संक्रांतीला. तीळ निवडत होत्या. म्हणाल्या, 'म्या तुजी कूस वाचवाया गेले गं.' मी म्हटलं, माहीत आहे. ते खरंही आहे. त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. त्यांना नातू हवा होता आणि पुढचाही हवा होता. याहून वाईट काही असतं तर मला त्यांचा राग तरी धड करता आला असता.

यांनी मुलाला नदीकाठी ठेवलं. कुठे ते मी विचारलं नाही. छबू कुणालाही सांगते की आमचा भाऊ दवाखान्यात आहे.

आता पत्र लिहायचं कारण. माझ्या धाकट्या जावेला, गवराला, पाचवा लागलाय. पहिलटकरीण आहे, एकोणीस वर्षांची. पाय दुखतात म्हणून रडते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कुणाला बोलवायचं. या घरात मला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं. मी म्हटलं, रहमतमावशीला. आणि दवाखान्यात नाव मी घालणार, महिन्याच्या महिन्याला मी घेऊन जाणार.

मावशीला गुरुवारी पाठव. पण तिला आधी सांग, आमच्या घरात तिची शपथ चालणार नाही. हाताला जे लागेल ते तिनं गवराच्या तोंडावर बोलायचं. बरं असेल तर बरं, वाईट असेल तर वाईट. गवरा रडली तर मी बसेन तिच्याजवळ. विहिरीवर जायला निघाली तर मी दारात आडवी पडेन. पण तिचं पोट तिला आधी कळलं पाहिजे, मग सासूबाईंना, मग गावाला. मावशी हे कबूल करणार नसेल तर येऊ नये.

मोरीच्या खिडकीतला कप मी काढला. कान तुटलेला. फोडणार होते, पण नाही फोडला. त्यातून मी चहा पिते, सकाळी, सासूबाईंच्या समोर बसून. मावशीला घरातला मिळेल.

तू येऊ नकोस. अजून नाही. तुझं तोंड बघितलं की मला ते वाक्य आठवेल, त्या म्हणतील तसं वाग. आणि मला बघून तुला माझं आठवेल. दोन्ही एका खोलीत मावायची नाहीत.

पण पत्र टाकत जा. बालवाडीत काय चाललंय ते लिही, कुणाची गाय व्याली ते लिही. आणि माझ्याबद्दल काही कळलं तर मला लिही, दुसऱ्या कुणाला नको.

इंद्रा